कबुलीजबाबाच्या चार ओळी

परीक्षेत कॉपी सापडली की विद्यार्थ्याकडून जागच्या जागी जबाब लिहून घेतात. चारेक ओळींचा मजकूर असतो. माझा बैठक क्रमांक अमुक, आज अमुक विषयाचा पेपर देत असताना माझ्याजवळ चिठ्ठी आढळून आली, ती माझीच आहे, माझी चूक मला मान्य आहे, पुन्हा असे होणार नाही. खाली सही. एका विद्यापीठाच्या गैरप्रकार चौकशी समितीवर मी काही वर्षं होते, तेव्हा असे जबाब गठ्ठ्यांनी वाचले. एकदा एकाच केंद्रावरून आलेल्या सगळ्या जबाबांत 'आढळून'चं 'अढळुन' झालेलं होतं. मुलं वेगवेगळ्या ब्लॉकमधली, अक्षरं वेगवेगळी, चूक एकच. दोन उत्तरपत्रिकांत अशी जुळी चूक दिसली असती तर आम्ही तिला नक्कल केल्याचा पुरावा म्हटलं असतं. जबाबात दिसली तेव्हा अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढची फाईल उघडली.

हे जबाब कसे लिहिले जातात ते परीक्षेची ड्युटी केलेल्या कुणालाही माहीत आहे. भरारी पथक ब्लॉकमध्ये शिरतं. बाकांखाली कागदाचे बोळे पडायला लागतात, खिडकीतून काहीतरी बाहेर जातं, आणि ज्याला वेळेवर काही सुचलं नाही तो सापडतो. मुलाइतकाच ज्युनिअर सुपरवायझरही पांढरा पडलेला असतो, कारण कॉपी त्याच्या ब्लॉकमध्ये निघाली म्हणजे चार प्रश्न त्यालाही येणार. मुलाला सीनिअर सुपरवायझरच्या खोलीत नेतात. पेपरचं घड्याळ चालूच असतं. "लवकर लिहून दे, म्हणजे दुसरी उत्तरपत्रिका मिळेल," असं कुणीतरी सांगतं. त्यात दुष्टपणा नसतो, उलट पोराचा वेळ वाया जाऊ नये हीच भावना असते. मुलगा विचारतो, "सर, काय लिहू?" आणि सर सांगतात.

पुढे चार-पाच महिन्यांनी तो कागद आमच्यासमोर येतो, तोवर तो 'विद्यार्थ्याचा स्वेच्छेने दिलेला कबुलीजबाब' झालेला असतो.

नियम वाईट आहेत असं मात्र कुणी म्हणू नये. मुंबई विद्यापीठाचा ५०५० क्रमांकाचा ऑर्डिनन्स, म्हणजे विद्यापीठाचा नियम, याच विषयावरचा आहे आणि तो सावकाश वाचला तर बराच विचार करून लिहिलेला दिसतो. सापडलेल्या साहित्यावर विद्यार्थ्याची सही घ्या. जबाब द्यायला तो नकार देत असेल तर तशी नोंद करा. उत्तरपत्रिका जप्त करा, नवी द्या आणि त्याला पेपर पूर्ण करू द्या. नंतर लेखी नोटीस, कागदपत्रं पाहायची संधी, तोंडी म्हणणं मांडायची संधी, मग समितीचा अहवाल. इतरही विद्यापीठांत थोड्याफार फरकाने हेच. सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानेच परीक्षा मंडळाला अशी समिती नेमायला सांगितलं आहे, जास्तीत जास्त पाच जणांची. याशिवाय १९८२ चा महाराष्ट्राचा परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली प्रकरण थेट पोलिसांत जाऊ शकतं.

'नकार दिल्यास तशी नोंद करा' हे वाक्य नियमात आहे, याचा अर्थ नकार देता येतो. माझ्या सगळ्या कारकिर्दीत नकाराची नोंद असलेल्या फायली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या, आणि त्यातली बहुतेक मुलं वकिलांची किंवा प्राध्यापकांची होती. बाकीच्यांना आपण नाही म्हणू शकतो हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक गोष्ट मला कायम खटकत आली. परीक्षेच्या खोलीतच विद्यार्थ्याकडून हमीपत्रही घेतात, की सक्षम प्राधिकारी जो निर्णय देतील तो मला अंतिम आणि बंधनकारक राहील. चौकशी व्हायची आहे, नोटीस निघायची आहे, समितीची बैठक लागायची आहे, आणि निकाल मान्य असल्याची सही आधीच होऊन गेलेली. समितीत मी एकदा हे बोलून दाखवलं. आमचे एक सहकारी म्हणाले, "मॅडम, कोर्टात त्या सहीला काही किंमत नाही हो." मग घेता कशाला, असं विचारल्यावर त्यांनी चहा मागवला.

ऑर्डिनन्सला शिक्षांचा तक्ता जोडलेला आहे. नुसती चिठ्ठी जवळ सापडली तर त्या परीक्षेतली सगळी कामगिरी रद्द, म्हणजे त्या सत्रातले बाकीचे प्रामाणिकपणे दिलेले पेपरही गेले. प्रत्यक्ष उतरवून काढलं असेल तर वर आणखी एका परीक्षेला बसायला बंदी. तळहातावर, अंगावर, कपड्यांवर लिहिलेलं असेल तर त्याची वेगळी ओळ. उत्तरपत्रिका बाहेर नेली, आत आणली, आपल्या जागी दुसऱ्याला बसवलं, तसं वजन वाढत जातं. परीक्षकाला उत्तरपत्रिकेत केलेल्या विनवण्यांचीही एक ओळ आहे, आणि हा मराठीतला एक दुर्लक्षित लेखनप्रकार आहे असं मला वाटतं. लग्न ठरलंय, वडील आजारी आहेत, तुम्ही मला वडिलांसारखे आहात, काळुबाईची शपथ, आणि शेवटी टाचणीने लावलेली शंभराची नोट. नोटेचा पंचनामा करताना क्लार्क तिचा नंबरही लिहून घेतो.

तक्ता ही समितीची मोठी सोय असते. एकदा ओळ सापडली की शिक्षा शोधावी लागत नाही, ती शेजारच्या रकान्यात लिहिलेली असते. मग ओळ कोणती एवढंच ठरवायचं, आणि ते ठरवायला जबाब आहेच.

मुळात विद्यार्थ्याचं ऐकून घेतलंच पाहिजे हे आपल्याकडे आपोआप ठरलेलं नाही. उत्तर प्रदेशातल्या सिकंदराराऊच्या एका इंटर कॉलेजातले तीन विद्यार्थी १९५४ च्या इंटरमीजिएट परीक्षेला बसले. जूनमध्ये निकाल लागला, तिघेही पास. पुढचं शिक्षण सुरू झालं. डिसेंबरमध्ये प्राचार्यांकडून घरी कळवण्यात आलं की बोर्डाच्या परीक्षा समितीने तुमचा निकाल रद्द केला आहे आणि १९५५ च्या परीक्षेलाही बसता येणार नाही. त्याआधी त्या तिघांना ना कुणी विचारलं होतं, ना काही कळवलं होतं. बोर्डाचं म्हणणं असं की ऐकून घ्या असं आमच्या नियमांत कुठे लिहिलंय? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नियमात लिहिलेलं नसलं तरी एखाद्याचं पुढचं आयुष्य ज्यावर अवलंबून आहे असा निर्णय घेताना समितीने न्यायाधीशाच्या वृत्तीने वागायला हवं, आणि आरोप कळवून म्हणणं मांडू द्यायला हवं. आज देशभरातल्या परीक्षा भवनांतून निघणारी प्रत्येक 'कारणे दाखवा' नोटीस ही त्या तिघांची देणगी आहे. आठ वर्षं लागली त्यांना. तोवर ते विद्यार्थी राहिले नसणार.

नोटीस निघते, पण सुनावणी कशी चालते ते सांगते.

परीक्षा भवनाच्या वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात लोखंडी खुर्च्या. सकाळी अकराची वेळ दिलेली असते, लोक नवापासून आलेले असतात, कारण लांबच्या तालुक्यातून पहाटेच्या एसटीशिवाय पर्याय नसतो. मुलीबरोबर आई किंवा मामा, मुलाबरोबर बरेचदा कुणीच नाही, कारण त्याने घरी सांगितलेलंच नसतं. शिपाई नावाने पुकारत नाही, बैठक क्रमांकाने पुकारतो. पालकांना आत घेत नाहीत, विद्यार्थ्याने स्वतःच म्हणणं मांडायचं. आत टेबलाभोवती आम्ही पाच जण, पोह्यांच्या बश्या कडेला सरकवलेल्या. मुलासाठी खुर्ची असते, पण बहुतेक जण उभेच राहतात आणि बस म्हणायचं भान आम्हाला प्रत्येक वेळी राहतंच असं नाही. क्लार्क फाईल वाचतो, चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटातून दाखवतो.

"ही चिठ्ठी तुझी?"

"हो सर."

"लिहिलंस का त्यातलं?"

"नाही सर."

"मग आणली कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही. तरी तो प्रत्येकाला विचारला जातो. नंतर "ठीक आहे, जा, निर्णय कळवू." सगळं मिळून तीन-चार मिनिटं. एका बैठकीत साठ-सत्तर प्रकरणं लावलेली असली की याहून जास्त वेळ देता येत नाही, हे खरंच आहे. समितीतली माणसं निर्दय नव्हती. दुपारनंतर दमलेली होती.

एका दुपारी एक मुलगा आला, दुसऱ्या वर्षाचा. त्याच्या हॉल तिकिटाच्या मागे पेन्सिलीने आकडे लिहिलेले सापडले होते. सात पंधरा, नऊ चाळीस, अकरा पाच, असे सहा-सात, मध्ये टिंबं दिलेली. पेपर संख्याशास्त्राचा. सुपरवायझरच्या रिपोर्टात 'हॉल तिकिटावर विषयाशी संबंधित आकडेमोड' आणि मुलाच्या जबाबात 'सदर मजकूर माझाच आहे, मला मान्य आहे'. तक्त्यातली ओळ अगदी चपखल बसत होती. मी विचारलं, हे आकडे कसले रे? तो म्हणाला, "मॅडम, गाडीच्या वेळा." कसली गाडी? "गावाकडची एसटी. पेपर सुटल्यावर कोणती मिळेल बघायला लिहिल्या." मग मान्य आहे असं लिहून का दिलंस? "अक्षर माझंच होतं ना मॅडम."

आमच्यातले एक प्राचार्य त्याच भागातले होते. ते पुटपुटले, "नऊ चाळीसची गाडी आहे खरी." आणि मग पाच शिकलेली माणसं एका हॉल तिकिटावर ओणवी होऊन एसटीचं वेळापत्रक ताडून पाहायला लागली. त्याला संशयाचा फायदा मिळाला. पण तो प्रश्न विचारायचं काही कारण नव्हतं. जबाब होता, ओळ होती, आणि व्हरांड्यात अजून वीस जण बसलेले होते.

तेव्हा ही मुलं बिचारी निष्पापच असतात, असं मला म्हणायचं आहे असं कुणी समजू नये. ती तशी नसतात. त्याच दिवशी एक मुलगी इतकी हुंदके देऊन रडली की आमच्या अध्यक्षांनी तिला स्वतःच्या हाताने पाणी दिलं, आणि फायलीत तिच्या मायक्रो झेरॉक्सची अशी काही माळ होती की ज्या दुकानदाराने ती कापून, क्रमाने लावून, घडी घालून दिली त्याचं कौतुक वाटावं. प्रकरणवार अनुक्रमणिकासुद्धा होती. तिला तक्त्याप्रमाणे मिळालं आणि ते योग्यच झालं. जो अभ्यास करून बसला त्याच्या ताटातलं हे पळवणं आहे, आणि या बाबतीत मी मवाळ नाही. रडणाऱ्याकडे आणि न रडणाऱ्याकडे बघून खरं-खोटं ओळखता येतं असं मानणारे सहकारी मला भेटले, त्यांच्यावर मात्र माझा कधी विश्वास बसला नाही.

किती पुरावा पुरे, हा खरा अवघड प्रश्न. याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. मार्च १९९० ची दहावीची परीक्षा. मॉडरेटरच्या, म्हणजे परीक्षकाची तपासणी पुन्हा पाहणाऱ्याच्या, गुणपत्रकांत खाडाखोड करून गुण वाढवल्याचं उघड झालं, २८३ विद्यार्थ्यांचे. राज्य मंडळाने चौकशी अधिकारी नेमले, मुलांना कागद दाखवले, प्रश्नावली दिली. गुण बदललेले आहेत हे मुलांनी मान्य केलं, पण ते कुणी आणि कसे बदलले ते आम्हाला माहीत नाही, असं सांगितलं. मंडळाने निकाल रद्द केले आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा उठवली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. ही फौजदारी केस नव्हे, इथे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहायचं, आणि या खाडाखोडीचा लाभ ज्यांना झाला त्यांच्या किंवा त्यांच्या आईवडिलांच्या सांगण्याशिवाय हे घडलं असेल असं मानता येत नाही, असा त्याचा आशय.

तर्क म्हणून मला हे पटतं. बाहेरचा कुणी उगाच तुमचे गुण कशाला वाढवील? पण पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुलांपैकी काहींना खरोखरच काही माहीत नसणार. बापाने कुणाला तरी गाठलं, पाकीट दिलं, आणि घरी येऊन म्हणाला असेल, अभ्यास कर, चांगले मार्क पडतील. शिक्षा मुलाच्या नावावर. बापाच्या नावाचा बैठक क्रमांक नसतो, त्यामुळे आमच्या तक्त्यात तो कुठेच येत नाही. समितीत असताना खालच्या मजल्यावर, जिन्यापाशी, पांढऱ्या कपड्यांतले काही पालक मला भेटायचे. "मॅडम, पोरगं लहान आहे, बघा काहीतरी." काहीतरी बघणं हा आपला राष्ट्रीय उद्योग आहे, आणि तो मुलं घरातच शिकतात.

एकेकट्याची सुनावणी तरी होते. अख्खं केंद्रच कॉपी करत असेल तर? बिहारमधल्या शहाबाद जिल्ह्यातल्या हंसवाडीह केंद्रावर १९६९ साली असं झालं. इतर केंद्रांवर पास होणारे पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि इथे ऐंशी. उत्तरपत्रिका तपासून पाहिल्या, तर त्याही जुळणाऱ्या. मंडळाने त्या केंद्राची परीक्षाच रद्द केली, कुणालाही न ऐकता. पाटणा उच्च न्यायालयाने हे अमान्य केलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये मान्य केलं. कुणा एकावर आरोप ठेवलेला नाही, परीक्षाच परीक्षा राहिलेली नाही, मग प्रत्येकाला बोलावून विचारण्यात अर्थ काय, असं न्यायालयाचं म्हणणं. बरोबर आहे. फक्त त्यातून एक विचित्र गोष्ट होते. एकटा सापडलेला मुलगा वर्ष घालवतो, आणि गावाने, संस्थेने, केंद्रप्रमुखाने मिळून केलेली कॉपी फारच अंगाशी आली तर फेरपरीक्षेवर निभावते. आमच्यासमोर एका केंद्रावरून कधीच एकही केस यायची नाही. वर्षानुवर्षं शून्य. आम्ही गमतीने त्याला सोज्वळ केंद्र म्हणायचो. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना त्यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली तेव्हा सगळ्यांना दिसलं की प्रशासनाने मनावर घेतलं तर केंद्रंच्या केंद्रं बदलतात. पण ती मोहीम पोलीस, महसूल आणि शिक्षण खात्याला घेऊन करायची गोष्ट आहे. प्लॅस्टिकच्या पाकिटातली चिठ्ठी बघणाऱ्या पाच प्राध्यापकांच्या हातातलं ते काम नव्हे.

आता चिठ्ठीची जागा टक्केवारीने घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम २०१८ चे. प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर माफ. चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्या. साठपर्यंत असेल तर वर्षभर सादर करायला बंदी. साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. त्यासाठी विभागाची एक समिती आणि तिच्यावर संस्थेची एक समिती, प्रत्येकीला पंचेचाळीस दिवस, आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळा असंही त्यात लिहिलेलं आहे. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरू नका, संदर्भ देऊन उद्धृत केलेलं धरू नका, हेही आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी माणसाने बसून बघावं अशीच अपेक्षा ठेवली होती.

प्रत्यक्षात काय होतं? ग्रंथालयातून साम्य शोधणाऱ्या यंत्राचा एक रंगीत रिपोर्ट येतो, पहिल्या पानावर आकडा असतो, आणि सगळे त्या आकड्याकडे बघतात. संतसाहित्यावर पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीचा रिपोर्ट मी पाहिला आहे. लालभडक. वाचत गेलं तर लाल केलेलं जवळजवळ सगळं तुकोबांचं. अभंग ओळीखाली ओळ असा छापला होता, अवतरणचिन्हं नव्हती, म्हणून यंत्राने ते तिचं चोरलेलं वाक्य धरलं. अभंगाला अवतरणचिन्हं घालायची आपल्याकडे रीतच नाही. शेवटी तिने प्रत्येक अभंगाला पुढे-मागे चिन्हं घातली आणि आकडा झपकन खाली आला. प्रबंधातला एकही विचार बदललेला नव्हता. याच्या उलटही आहे. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध यंत्राला मराठी दिसतच नाही, त्याला ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी वाटते. तो कुणाशी जुळणार? असे प्रबंध धुतल्या तांदळासारखे बाहेर पडतात. ज्याने तीन जुनी पुस्तकं तशीच्या तशी टंकलेखकाकडून टाइप करून घेतली, तो दोन टक्क्यांत पास.

आणि आता तर 'हे यंत्राने लिहिलेलं आहे' असं दुसरं यंत्र सांगतं. सोनिपतच्या ओ. पी. जिंदाल ग्लोबल विद्यापीठातल्या एलएल.एम.च्या एका विद्यार्थ्याला २०२४ मध्ये नापास केलं गेलं, कारण त्याची उत्तरं ८८ टक्के कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली आहेत असं तिथल्या गैरप्रकार समितीने ठरवलं. तो स्वतः कायद्याचा माणूस, तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. न्यायालय काही म्हणेल त्याआधीच विद्यापीठाने त्याला पास केलं आणि याचिका निकाली निघाली. ८८ हा आकडा आला कुठून, त्यावर त्याने काय विचारायचं होतं आणि कुणाला, हे सगळं अधांतरी राहिलं. आमच्या काळी निदान चिठ्ठी टेबलावर असायची. मुलगा म्हणू शकायचा, हे अक्षर माझं नाही, बघा. इथे त्याने काय दाखवायचं? माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक अशा मुलांना समोर बसवून त्यांच्याच उत्तरावर पाच-सात प्रश्न विचारतात. अर्ध्या तासात कळतं, म्हणतात. शंभर मुलं असली तर काय करता, असं मी विचारलं. "शंभरांवर संशय घ्यायला मला वेळ नसतो. तिघांवर येतो," म्हणाले.

माझी भाची इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात शिकत होती तेव्हा तिच्यावर आणि तिच्या मैत्रिणीवर असाच ठपका आला. असाइनमेंट दोघींनी मिळून केली म्हणून. वर्ग संपल्यावरही दोघी एकाच खोलीत राहून मोठमोठ्याने अभ्यास करणाऱ्या, त्यामुळे थोडं तसं झालंही असावं. रात्री फोनवर ती रडत होती आणि मी इथून तिला विचारत होते, जबाब लिहून दिलास का? ती म्हणाली, कसला जबाब? तिला आधी सगळे कागद ईमेलने आले होते. विद्यार्थी संघटनेची एक सल्लागार बाई तिच्या शेजारी बसणार होती. बैठकीचं टिपण तिला मिळणार होतं, आणि विद्यापीठाच्या आत सगळं संपलं की बाहेरच्या स्वतंत्र लवादाकडे जायची वाट होती, इंग्लंड आणि वेल्सच्या विद्यापीठांसाठी तो एकच आहे. शिक्षा झालीच तिला, त्या असाइनमेंटचे गुण कापले. पण का कापले ते दीड पानात लिहून आलं. त्या दीड पानातली एकही ओळ तिला आवडली नाही. त्यातल्या दोन मुद्द्यांवर ती अजूनही भांडते.

ते दीड पान मला त्या सबंध प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कारण आमच्याकडे मुलाला जे पत्र जातं त्यात नाव, बैठक क्रमांक, ऑर्डिनन्सचा क्रमांक आणि 'संपूर्ण परीक्षेतील कामगिरी रद्द' एवढंच असतं. त्याने जे सांगितलं ते आम्ही ऐकलं का, ऐकलं तर का पटलं नाही, याचा पत्ता नाही. २०११ पासून माहितीच्या अधिकारात तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते, पण समितीने काय विचार केला ते बघायला आधी तो कुठेतरी लिहिलेला हवा. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक विद्यार्थ्यासाठी लांबलचक निकालपत्र लिहा असं काही सांगितलेलं नाही. पण दोन वाक्यं तर लिहिता येतात. 'विद्यार्थ्याने चिठ्ठी आपली नसल्याचे सांगितले. अक्षर उत्तरपत्रिकेशी ताडून पाहिले असता जुळते.' झालं. हे लिहायचं म्हटलं की अक्षर ताडून पाहावंच लागतं, हा त्याचा खरा फायदा.

समितीवरच्या माझ्या शेवटच्या वर्षात मी हा आग्रह धरला. अध्यक्ष तयार झाले, थोडे कुरकुरत. बैठका लांबल्या, एका दिवसाचं काम दोन दिवसांत होऊ लागलं, प्रवासभत्त्याची बिलं वाढली म्हणून वित्त विभागाने पत्र पाठवलं. मग एकदा मी परीक्षा विभागातल्या क्लार्कला विचारलं, की आपण लिहितो ती दोन वाक्यं मुलांच्या पत्रात जातात ना? तो शहाणा माणूस होता, सगळी परीक्षा त्याच्या बोटांवर चालायची. त्याने मॉनिटर माझ्याकडे वळवला. "मॅडम, सिस्टीममध्ये इथे फक्त कोड टाकायचा असतो. कारणाला कॉलम नाही."

मग आम्ही ती वाक्यं वेगळ्या कागदावर टाइप करून पत्राला टाचायला लागलो. पत्र कॉलेजमार्फत जातं, त्यामुळे काही कॉलेजं तो कागद मुलाला देतात. काही फायलीत ठेवतात. एका प्राचार्यांनी फोन करून विचारलं होतं, हे सोबतचं नक्की कुणासाठी आहे?